सातव्या षटकातला तिसरा चेंडू

आयुष्यात एकदाही टाळी न वाजवलेला माणूस मी पाहिला आहे. शेवटच्या चेंडूवर षटकार बसलाय, सगळं शेत नाचतंय, कुणाची टोपी कुणाच्या डोक्यावर गेलीय, आणि हा माणूस स्टुलावर मान खाली घालून वहीत सहाचा आकडा काढतोय. तोही घाईघाईत नाही. सहाचं पोट गोल, शेपटी बाकदार, सगळं जिथल्या तिथे. विचारलं तर म्हणायचे, "हात दोनच हायत. एक वहीला, एक पेन्सिलीला. टाळी काय पायानं वाजवू?"

भात कापून झालं की आमच्याकडे शेतांची मैदानं होतात. ढेकळं फोडायची, मधे खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू. गावोगाव देवाच्या नावाचे चषक. अशा सामन्यांत तीसेक वर्षं गुण लिहायचं काम एकाच माणसाकडे होतं. खरं नाव फक्त मतदार यादीला माहीत. आम्ही त्यांना वहीवाले काका म्हणत असू. स्टूल स्वतःचं, छत्री स्वतःची, गळ्यात दोऱ्याला दोन पेन्सिली, एक काळी आणि एक लाल. षटक चालू असताना ते चहा घेत नसत. चहावाल्यानं एकदा तिसऱ्या चेंडूला कप पुढे केला, तेव्हा काकांनी त्याला सहावा पडेपर्यंत हात लांब करून उभं ठेवलं.

पोटापाण्याला ते ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूच्या नोंदी करत. तिथेही हाच खाक्या. माझी मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नोंद झाली?"

"काका, पोरगी आज सकाळी झाली."

"वहीत न्हाय, म्हंजे झाली न्हाय. पेढा ठेव तुझ्याकडं."

चार दिवसांनी मी कागद घेऊन गेलो. त्यांनी नोंद केली, शाई वाळू दिली आणि मग हात पुढे केला, "आण आता." पेढे कधीच संपले होते. मला पुन्हा बाजारात जावं लागलं.

काकी म्हणायच्या, "आमच्या लग्नात मंगलाष्टकं मोजत होते हो! मी हार घेऊन उभी, आणि हे भटजींना म्हणतात, एक राहिलं."

आता हा माणूस व्हिडिओत कसा आला, ते सांगतो. आमच्या एका मित्राचं मोबाईलचं दुकान आहे. त्याला क्रिकेटचं वेड, म्हणून त्यानं आमच्या पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटच्या चाहत्यांसाठी एक वेबसाइट काढली होती. सामने कधी, निकाल काय, फोटो, आणि खाली भांडायला भरपूर जागा. मुंबईत नोकरीला गेलेले, बोटीवर असलेले, आखातात असलेले, सगळे आमचे लोक तिथे येऊन भांडत. पुढे प्लॉट विकणारे एक शेठ भेटले आणि वेबसाइटचा आठवड्याचा कार्यक्रम सुरू झाला. पनवेलला हॉल, लाल सोफा, तीन कॅमेरे, वरून फिरणारा ड्रोन. सूत्रसंचालक मी. कारण गावात माझ्याइतकं फुकट बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मेहुण्याचा लग्नातला कोट घालून मी दर आठवड्याला "नमस्कार मंडळी!" म्हणून असा काही हात फेकायचो, की एकदा समोरचा पाण्याचा ग्लास पाहुण्याच्या मांडीवर गेला.

वर्षभरात शेठांचं मन कबड्डीवर जडलं. सोफा गेला, कॅमेरे गेले, ड्रोन उडून गेला. सामन्यांची चित्रफीतही कॅमेरावाल्यांची, तीही गेली. दुकानदार मित्र म्हणाला, "बंद करू या." मी कसा तयार होईन? बाजारात कोळणी मला ओळखायला लागल्या होत्या. एकीनं वाट्यावर दोन बांगडे जास्त टाकले होते. ते काय कोटाकडे बघून?

तेव्हा नव्या, स्वस्त कार्यक्रमाचा शोध लागला. काकांची पडवी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, खांबाला रबरानं बांधलेला एक मोबाईल. दाखवायला सामना नाही, म्हणून काका ट्रंकेतली एखादी जुनी वही काढणार आणि तो सामना चेंडूगणिक वाचणार. आरडाओरडा मी करायचा.

पहिल्या भागात काकांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचलं, "पहिला चेंडू. काही नाही. दुसरा चेंडू. काही नाही. तिसरा चेंडू." इथे ते थांबले. मी श्वास रोखला. "काही नाही."

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया धो धो आल्या. "ड्रोन कुठाय?" "सोफा विकून खाल्ला काय?" "दहाव्याला बसल्यासारखे का बसलात दोघं?" "कोंबडा काय बोलतो ते स्पष्ट ऐकू येतं, काका काय बोलतात ते नाही." एकानं लिहिलं, "झोपेची गोळी बंद केली, आभार." मला रात्रभर डोळा लागला नाही. काका मात्र खुशीत होते. त्यांनी मला सगळ्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचायला लावल्या आणि एक कोरी वही उघडून गुण मांडायला घेतले.

"कौतुक आलं तर?" मी विचारलं.

"टिंब. कौतुकानं काय पुढं सरकतंय?"

"तक्रार?"

"कामाची असली तर एक. कोंबड्याची एक धर. कोंबडा झाकू."

"शिवी आली तर?"

"नो-बॉल. धाव आपल्याला."

"आणि भलतंच काही विचारलं तर?"

"वाइड."

पुढच्या भागात कोंबडा टोपलीखाली होता आणि खुर्च्या तिरक्या होत्या. मग एक गंमत झाली. लोक काकांच्या वाचनात चुका काढायला लागले. बोटीवरच्या एकानं लिहिलं, "पाचव्या षटकात मी पळालो नाही, कारण पायात काटा होता. हे सांगा, घरचे अजून हसतात." काकांनी जुन्या वहीच्या समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं, "काटा." दुसऱ्या कुणी लिहिलं, "तो झेल मी घेतला होता, भावाच्या नावावर लागलाय." दोन्ही भावांना फोन करून, दोघांकडून वदवून घेऊन काकांनी झेल बदलला. ड्रोनला जितकी माणसं नव्हती तितकी या दोन खुर्च्यांना झाली. आपला सामना वाचा म्हणून रांग लागली.

त्या रांगेत एक माणूस दर आठवड्याला एकच ओळ लिहायचा. खाडीपलीकडच्या दिघीचा. "पालखीच्या फायनलची वही कधी वाचणार?"

काका म्हणायचे, "वाइड."

दुसऱ्या आठवड्यात वाइड. पाचव्यात वाइड. आठव्या आठवड्यात दुकानदार म्हणाला, "काका, सरळ तर विचारतोय बिचारा. वाइड कसा?"

काकांनी वही मिटली आणि आत निघून गेले. मी टोपलीकडे बघत बसलो. कारण मला माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या चषकाची अंतिम लढत होती, आमचं गाव आणि दिघी. त्याच दिवशी देवाची पालखी. आम्ही एकसष्ट केल्या होत्या, आठ षटकांत दिघीला बासष्ट हव्या होत्या. सातवं षटक टाकायला आलेला गोलंदाज म्हणजे अस्मादिक. तिसरा चेंडू माझ्या हातातून सुटला आणि त्याच क्षणी ढोल-ताशे वाजवत पालखी शेताच्या कडेला आली. सुटलेला चेंडू काही परत बोलावता येत नाही. पण मी वळलो आणि हात जोडले. सगळे क्षेत्ररक्षक वळले. दोन्ही पंच वळले. प्रेक्षक उभे राहिले. काकांनी पेन्सिल ठेवली, चपला काढल्या आणि डोळे मिटले. आमच्याकडे पालखीकडे पाठ करून कुणी उभं राहत नाही, मग सामना कितीही रंगलेला असो.

फक्त समोर येणाऱ्या चेंडूकडे बघणाऱ्या त्या दिघीच्या फलंदाजाला वळता आलं नाही. त्यानं चेंडू मारला.

पालखी पुढे गेली. काकांनी डोळे उघडले, वहीत टिंब काढलं, म्हणजे धाव नाही. तो फलंदाज बॅट उंचावून ओरडत काकांच्या स्टुलाकडे यायला लागला. ढोलात काही ऐकू येईना. आमच्या पोरांनी त्याला मधेच अडवलं. काका त्याला एवढंच म्हणाले, "वहीत न्हाय. म्हंजे झालं न्हाय."

समोर उभा असलेला त्याचा जोडीदार तरी बोलेल, असं वाटलं होतं. पण तो आमच्या गावचा जावई. जावई सासुरवाडीत साक्ष देतो होय! तो बुटाची नाडी बांधत राहिला.

दिघीच्या साठ झाल्या. आम्ही एका धावेनं जिंकलो. तो पुन्हा वाद घालायला आला, तेव्हा त्याच्याच कप्तानानं, देवाचा दिवस आहे, म्हणून त्याला ओढून फेरीबोटीकडे नेलं. मागून आमची पोरं ओरडली, "खोटी धाव! खोटी धाव!" ते नाव त्याला चिकटलं, आणि खाडी ओलांडून त्याच्याआधी दिघीला पोचलं. तो पुन्हा खेळला नाही. मी सामनावीर झालो. दोन षटकं, नऊ धावा. हे मी बावीस वर्षं जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगत आलो.

नवव्या आठवड्यात त्या माणसाची प्रतिक्रिया मोठी होती. मी ती काकांना वाचून दाखवली.

"काका, माझ्या लेकीचं तुमच्या गावात जमत होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, खोट्या धावेवाल्याची लेक काय? सगळे हसले. मीपण हसलो. घरी आल्यावर लेक माझ्याशी बोलली नाही. एकदा वाचा. मग जे आहे ते आहे."

काकांनी मला ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "डोळे उघडले तेव्हा चेंडू बांधापाशी पडला होता."

मी म्हणालो, "मला माहीत आहे. मीच उचलून आणला."

"न मारता बांधापर्यंत जातोय व्हय?"

"नाही जात."

"तुला तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"तुम्हाला काय झालं होतं?"

काकी आतून म्हणाल्या, "दोघांना सारखंच झालं होतं. चहा घ्या."

काकांनी चहा घेतला आणि निकाल दिला. तेवढ्या लांब गेलेल्या चेंडूवर एक धाव तर सहज. एक धरली की दोघांच्या एकसष्ट. म्हणजे बरोबरी. "बरोबरीत कुणाची मान खाली जात न्हाय," ते म्हणाले. "गावालाबी सोसंल." मला ते फारच आवडलं. नवाच्या दहा होणार, त्याला माझी ना नव्हती.

त्या आठवड्यात काकांनी पालखीची वही वाचली. सातव्या षटकाशी आल्यावर चष्मा काढून पुसला आणि मोबाईलकडे बघून म्हणाले, "तिसरा चेंडू. इथं टिंब आहे. ते चूक आहे. माझे डोळे मिटलेले होते आणि मी टिंब काढलं. बघितलं न्हाय ते लिहिलं. इथं एक धाव होती." आणि त्यांनी लाल पेन्सिलीनं एक लिहिला.

प्रतिक्रिया आल्या. "काका, तुम्ही नक्की आपल्याच गावचे ना?" "बावीस वर्षांनी कसली बरोबरी!" "काकांना सलाम." चषक भरवणाऱ्या आमच्या मंडळाचा अध्यक्ष फोनवरून माझ्यावर ओरडला. मी त्याला म्हणालो, "बरोबरी आहे बाबा, अर्धा चषक तुझाच." सगळं निभावलं असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दिघीहून एक ओळ आली. "एक नाही काका. दोन. चौथा चेंडू कुणी खेळला ते बघा."

मी हसलो. "बघा, बोट दिलं तर हात धरतोय. एक मानली ती काय कमी झाली?"

काका हसले नाहीत. त्यांची एक पद्धत होती. चेंडूच्या प्रत्येक चौकोनात, धावांच्या खाली, तो चेंडू खेळणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर बारीक लिहायचं. एवढा उद्योग दुसरा कुणी गुणलेखक करत नसेल. त्यांनी वही उघडली, सातव्या षटकावर बोट ठेवलं आणि चौथ्या चौकोनावर नेलं. तिथे धाव मागणाऱ्या त्या दिघीकराचंच अक्षर होतं.

आता हे तुम्हालाही कळेल. एक धाव काढली असती, तर दोघांनी टोकं बदलली असती आणि पुढचा चेंडू जावयाला खेळावा लागला असता. पण चौथा चेंडूही दिघीकरच खेळला. म्हणजे एकतर तो मुळीच पळाला नाही, किंवा जाऊन परत आला. आणि चेंडू तर बांधापाशी होता, उचलणारा कुणी नव्हता. दोन.

दोन म्हणजे बासष्ट. बासष्ट म्हणजे दिघी जिंकली.

"काका," मी म्हणालो, "हे कुणाच्या लक्षात येणार नाही."

"त्याच्या आलंय की."

"गाव तुम्हाला उभं करणार नाही. येत्या चषकाला कोण बोलावेल तुम्हाला?"

"वही बोलावती मला. गाव कोण?" मग पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाले, "तो तेव्हा ओरडत आला. किती, एवढं तरी विचारायचं होतं मी. विचारलंच न्हाय. आणि परवा पण, माझी मीच एक धरली. तवाबी विचारलं न्हाय."

पुढचा भाग फार लहान झाला. काकांनी एकावर रेघ मारली, शेजारी दोन लिहिले, बेरीज नव्यानं केली आणि निकालाच्या ओळीत दिघीचं नाव घातलं. मला वाटलं संपलं. तर ते माझ्याकडे वळले. "गोलंदाज हजर हाय. त्याच्या खात्यावरबी दोन चढतात. नवाच्या अकरा. हरकत?"

खांबावरचा मोबाईल माझ्याकडे बघत होता. एरवी मी अशा जागी हात फेकून काहीतरी झक्क बोललो असतो. त्या दिवशी "हरकत नाही" एवढंच निघालं. मग म्हणालो, "चेंडू बांधावरून मीच आणला होता. मलाही माहीत होतं."

दुकानदार नंतर म्हणाला की वेबसाइटच्या इतिहासात इतक्या प्रतिक्रिया कधी आल्या नव्हत्या. काकांनी एकही वाचून घेतली नाही. त्या वर्षी आमच्या चषकाचे गुण लिहायला मंडळानं रोह्याहून कुणाला तरी आणलं. तो मोबाईलवरच लिहायचा. काका सामन्याला गेले नाहीत. अंगणात छत्री उन्हाला वाळत घातली होती, तेवढी मी जाता-येता पाहायचो.

चषक संपल्यावरच्या रविवारी दिघीकर आला. बायको आणि लेक बरोबर. मी त्याला ओळखलं नाही, इतकं पोट सुटलं होतं. काकी म्हणाल्या, "बसा, बसा, आधी पाणी घ्या." तो बसला नाही. म्हणाला, "पान बघायचंय."

काकांनी पान उघडलं. त्यानं लाल आकड्यावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. लेक मागून वाकून बघत होती. "दोन," तो तिला म्हणाला. "बघ. दोन."

"दिसतंय बाबा," ती म्हणाली.

"फोटो काढू का, काका?"

"फोटो कशाला?" काका म्हणाले. "वही घेऊन जा. ज्याला दाखवायची त्याला दाखव. मग आणून दे."

काकी दारातच थांबल्या. त्या घरातून वही बाहेर गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मला तर ती कधी हातातही धरू दिली नव्हती. काकांनी ती दोन पिशव्यांत गुंडाळली, दोरी बांधली, आणि "भिजवू नको" असं तीनदा सांगितलं.

आम्ही त्यांना सोडायला आगरदांड्याच्या जेट्टीवर गेलो. फेरीबोट सुटली. गाड्यांच्या पलीकडे, कठड्यापाशी, दिघीकर उभा दिसत होता. बोट अजून खाडीच्या निम्म्यावरही गेली नव्हती, तोच त्यानं दोरी सोडली, पिशव्या काढल्या, आणि शेजारी मोटारसायकल धरून उभ्या असलेल्या कुण्या अनोळखी माणसाला पान उघडून दाखवायला लागला. मग त्याच्या पलीकडच्याला. मग तिकिटवाल्याला हाक मारली.

काका जेट्टीच्या टोकाला गेले आणि तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडले, "वारा हाय! अरे, वही मीट!"

त्याला ऐकू गेलं नाही. तो चौथ्याला दाखवत होता.